‘नाही’ म्हणजे कुठे नाही? : पायथनच्या एका वाक्याची चिकित्सा



या व्याख्यानमालेच्या नेहमीच्या श्रोत्यांना आजचा विषय जरा परका वाटेल. तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर पायथनवर काय बोलणार, असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल तर तो रास्तच आहे. आम्ही प्रोग्रामर नाही. पण वाक्य वाचणं हा आमचा आयुष्यभराचा धंदा. एखादं वाक्य काय सांगतं, काय सांगत नाही, आणि ऐकणारा त्यातून भलतंच काय काढतो, हे तपासायचं. आज तसं एकच वाक्य घेऊन बसायचंय. विज्ञानाच्या कामासाठी पायथन शिकायला बसलेल्या जवळपास प्रत्येक मुलाला ते पहिल्याच आठवड्यात भेटतं : ‘मॉड्यूल नॉट फाउंड एरर : नो मॉड्यूल नेम्ड नमपाय’. सरळ मराठीत, ‘नमपाय नावाचं मॉड्यूल नाही’.

चर्चा हवेत राहू नये म्हणून उदाहरण आपल्या जिल्ह्यातलंच घेऊ. लोणार. बेसॉल्ट खडकातलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आघाती विवर आणि त्यातलं खारं सरोवर. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला. हे सगळं आपण पेपरात वाचलं. पण सरोवराचं पाणी कोणत्या वर्षी किती पसरलं, किती आटलं, हे मोजायला आज कुणाच्या परवानगीची गरज नाही. लँडसॅट उपग्रहाची चित्रं २००८ पासून सगळ्यांना फुकट आहेत. सेंटिनेल-२ चा पहिला उपग्रह २०१५ मध्ये गेला, त्याचीही चित्रं फुकट. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर बाय दहा मीटरचा तुकडा.

मोजायची रीत साधी आहे. पाणी निकट-अवरक्त प्रकाश शोषून घेतं, हिरवा त्या मानाने परत पाठवतं. म्हणून हिरव्यातून अवरक्त वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. उत्तर शून्याच्या वर आलं की ढोबळमानाने तिथे पाणी. मॅकफीटर्स यांनी १९९६ मध्ये मांडलेला हा निर्देशांक. पाण्याचे ठिपके मोजायचे. दहा हजार ठिपके झाले की एक चौरस किलोमीटर. आठवी-नववीचं गणित आहे हो! वीस-पंचवीस ओळींचा प्रोग्राम. मेहकर, चिखली, देऊळगाव राजा इथला कुठलाही बी.एस्सी.चा विद्यार्थी आपल्या सरोवराचा दहा वर्षांचा हिशेब स्वतः मांडू शकतो.

पण तो मांडत नाही. कारण प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत उपग्रहाचं चित्र उघडणारी जीडॅल नावाची लायब्ररी मागवलेली असते, आणि पडद्यावर उत्तर येतं : ‘नाही’. पुढच्या चोवीस ओळी, सरोवर, दहा वर्षं, सगळं त्या एका ‘नाही’पाशी थांबतं. म्हणून हा विषय आम्हाला किरकोळ वाटत नाही.

आता वाक्याकडे वळू. आपल्याकडे ‘नाही’ या शब्दावर जेवढा विचार झाला तेवढा क्वचितच कुठे झाला असेल. वैशेषिकांनी अभावाला सातवा पदार्थ मानलं. नैयायिक म्हणतात, ‘घट नाही’ एवढं वाक्य अपुरं आहे. अभाव सांगायचा तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात. कशाचा अभाव? तो प्रतियोगी. आणि कुठे अभाव? ते अधिकरण. ‘या जमिनीवर घट नाही’ हे पूर्ण वाक्य झालं. घट प्रतियोगी, जमीन अधिकरण.

हे माप पायथनच्या वाक्याला लावा. प्रतियोगी दिलेला आहे, नमपाय. अधिकरण? गायब! कुठे नाही ते सांगितलेलंच नाही. आणि वाचणारा ती मोकळी जागा आपल्या मनाने भरतो : ‘माझ्या कॉम्प्युटरमध्ये नाही’. इथेच पाय घसरतो. कारण पायथन संपूर्ण कॉम्प्युटर धुंडाळत नाही. त्याच्याकडे ठरावीक फोल्डरांची एक यादी असते, तिला ‘सिस डॉट पाथ’ म्हणतात. आधीच आणून ठेवलेल्या मॉड्यूलांत तो बघतो, मग स्वतःच्या पोटातली बघतो, आणि मग त्या यादीतले फोल्डर एकामागून एक तपासतो. त्यात सापडलं नाही की ‘नाही’ म्हणून मोकळा. म्हणजे खरं वाक्य असं हवं : ‘मी अमुक पायथन, तमुक फोल्डरांत पाहिलं, तिथे नमपाय नाही’.

फरक केवढा पडतो बघा. एका साध्या लॅपटॉपवर आज दोन-तीन पायथन सहज असतात. एक संकेतस्थळावरून घेतलेलं, एक अ‍ॅनाकोंडाबरोबर आलेलं, लिनक्स असेल तर यंत्रणेचं स्वतःचं एक. प्रत्येकाचं घर वेगळं, प्रत्येकाची फोल्डरांची यादी वेगळी. मुलगा टर्मिनलमध्ये ‘पिप इन्स्टॉल नमपाय’ म्हणतो. पिप पहिल्या पायथनचा, सामान पहिल्या घरात उतरतं. प्रोग्राम मात्र ज्युपिटरमध्ये चालतो, आणि ज्युपिटरचा कर्नल दुसऱ्या पायथनचा. तिथे परत ‘नाही’. मुलगा पुन्हा इन्स्टॉल करतो. पिप म्हणतो, ‘आधीच आहे’. एक म्हणतो आहे, दुसरा म्हणतो नाही. मुलाला वाटतं यंत्र खोटं बोलतंय. दोघेही खरंच बोलताहेत, फक्त अधिकरणं दोन आहेत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातली गत.

म्हणून जाणकार सांगतात, नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ म्हणू नका, ‘पायथन डॅश एम पिप इन्स्टॉल’ म्हणा. बहुतेक ठिकाणी हा नियम मंत्रासारखा सांगितला जातो, कारण दिलं जात नाही. कारण एवढंच की ज्या पायथनला हाक मारली त्याच्याच घरात सामान उतरतं. मंत्रापेक्षा कारण लक्षात ठेवलेलं बरं.

न्यायाइतकीच मदत मीमांसेची होते. कुमारिल भट्टांच्या परंपरेने अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं. ‘दिसत नाही’ यावरून ‘नाही’ हे कळतं. पण त्याला अट आहे. वस्तू असती तर दिसली असती, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. याला योग्य अनुपलब्धी म्हणतात. मग ‘नो मॉड्यूल’ वाचल्यावर पहिला प्रश्न हा की पाहणाऱ्याने योग्य खोलीत पाहिलं का? ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ छापून बघितलं की कोणता पायथन बोलतोय ते कळतं. ‘सिस डॉट पाथ’ छापला की त्याने कुठे कुठे पाहिलं ते कळतं. दोन ओळींचं काम आहे. दिवा लावण्यासारखं.

आता अभावाचे प्रकार. अन्नंभट्टांच्या सतराव्या शतकातल्या ‘तर्कसंग्रह’ या प्राथमिक पुस्तकात चार दिले आहेत. आमचा दावा असा नाही की अन्नंभट्टांना पायथन माहीत होता. असले दावे आम्हाला मुळीच मानवत नाहीत. ही वर्गवारी प्रश्न विचारायला उपयोगी पडते, तेवढंच.

पहिला प्रागभाव. वस्तू अजून उत्पन्न झालेली नाही. लायब्ररी या पायथनमध्ये अजून बसवलेलीच नाही. हा सगळ्यात सोपा. बसवली की अभाव संपला. लोक सगळ्याच चुकांना हा प्रकार समजतात, म्हणून प्रत्येक दुखण्यावर ‘पिप इन्स्टॉल’ हीच गोळी.

दुसरा प्रध्वंसाभाव. वस्तू होती, नष्ट झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन ३.१२ आलं आणि त्यातून ‘डिस्टयुटिल्स’ नावाचं जुनं मॉड्यूल काढून टाकलं गेलं. शेकडो जुने प्रोग्राम त्यावर उभे होते. तसंच नमपायचं. ‘एनपी डॉट फ्लोट’ हे जुनं टोपणनाव जानेवारी २०२१ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरलं आणि डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या १.२४ या आवृत्तीत गेलं. कॉलेजातल्या चार वर्षं जुन्या झेरॉक्समध्ये ते अजून जिवंत आहे! प्रध्वंसाभावाला सुरुवात असते, शेवट नसतो, असं नैयायिक म्हणतात. फुटलेला घट परत येत नाही, आला तर तो दुसरा घट. इथेही तसंच. ‘सेटअपटूल्स’ बसवलं तर ते स्वतःची डिस्टयुटिल्सची प्रत पुरवतं. काम भागतं, पण तो दुसरा घट आहे हे माहीत असलेलं बरं.

तिसरा अत्यंताभाव. वस्तू त्या जागी कधीच नव्हती, नाही, असणारही नाही. ‘एफ-कंट्रोल’ हे मॉड्यूल लिनक्स आणि मॅकवर पायथनबरोबरच येतं, विंडोजवर येत नाही. विंडोजवर बसून हजार वेळा पिप चालवा, मिळणार नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? इथे बसवण्याचा खटाटोप सोडून प्रोग्राम बदलावा लागतो किंवा यंत्र.

चौथा अन्योन्याभाव. घट म्हणजे पट नव्हे. एक दुसरा नव्हे. हा प्रकार सर्वांत फसवा, आणि नवशिक्यांना हमखास गाठणारा. मुलगा नमपाय शिकायला बसतो आणि फाईलला नाव देतो ‘नमपाय डॉट पीवाय’. यादीत पहिला फोल्डर त्याच्याच प्रोग्रामचा, म्हणून पायथनला आधी त्याचीच फाईल सापडते. नाव तेच, वस्तू वेगळी. किंवा फाईलचं नाव ‘रँडम’ ठेवतो, मग खरं नमपाय जेव्हा रँडम मागवायला जातं तेव्हा त्याच्या हाती या मुलाची कच्ची वही पडते, आणि एरर येते भलत्याच जागी. ऑक्टोबर २०२४ च्या पायथन ३.१३ ने इथे स्वागतार्ह सुधारणा केली. अशा वेळी तो आता सुचवतो की तुमच्या या फाईलचं नाव बदलून पाहा, आणि फाईलचा पूर्ण पत्ता देतो. वाक्य सुधारता येतं, याचा हा पुरावा आहे.

नाव आणि वस्तू यांची फारकत दुसरीकडूनही होते. दुकानातलं नाव एक, घरातलं नाव दुसरं. ‘स्कलर्न’ म्हणून मागवतो ती लायब्ररी दुकानात ‘सायकिट-लर्न’ नावाने मिळते. ‘सीव्ही-टू’ मिळते ‘ओपनसीव्ही-पायथन’ नावाने. ‘पीआयएल’ हवी तर ‘पिलो’ बसवावी लागते. ‘यॅमल’साठी ‘पायवायएएमएल’. आमच्या जीडॅलचंच बघा. पॅकेजचं नाव जीडॅल, पण मागवायचं ‘फ्रॉम ऑसजिओ इम्पोर्ट जीडॅल’ असं. पूर्वी नुसतं ‘इम्पोर्ट जीडॅल’ चालायचं, आता नाही. एररमधलं नाव उचलून जसंच्या तसं पिपला सांगणं म्हणूनच धोक्याचं. दुकानात कुणीही, कोणत्याही नावाने माल ठेवू शकतो. प्रसिद्ध नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन घातक पॅकेज ठेवण्याचे प्रकार पुष्कळ झाले आहेत. हल्ली एआय सहायकाला विचारलं तर तोही कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव आत्मविश्वासाने सांगतो. बसवण्याआधी लायब्ररीच्या मूळ कागदपत्रात नाव बघून घ्यावं.

चार प्रकार झाले. पण प्रत्यक्षात सर्वांत जास्त रडवतो तो यांपैकी सरळ कुठल्याच रकान्यात बसत नाही. त्याला आपल्याकडे विशिष्टाभाव म्हणतात. ‘दंड घेतलेला पुरुष इथे नाही’ हे वाक्य केव्हा खरं? पुरुषच नसेल तेव्हा. किंवा पुरुष आहे पण त्याच्या हातात दंड नाही, तेव्हाही. विंडोजवर जीडॅल मागवलं की एक एरर येते : ‘डीएलएल लोड फेल्ड’, अमुक मॉड्यूल आणताना ठरावीक मॉड्यूल सापडलं नाही. मुलगा फोल्डर उघडून बघतो तर ती फाईल तिथे चक्क बसलेली! मग सापडलं नाही ते काय? तर ती फाईल ज्या दुसऱ्या फाईलींच्या आधाराने उभी राहते, त्यांतली एक. पुरुष आहे, दंड नाही. आणि वाक्य नाव घेतं पुरुषाचं! अधिकरण तर नाहीच, इथे प्रतियोगीसुद्धा चुकीचा सांगितला जातो. एरर म्हणून लिहिलेलं इतकं सदोष वाक्य आम्ही दुसरं पाहिलं नाही.

यामागचं कारण समजून घ्यायला हवं. विज्ञानाच्या लायब्ऱ्या नुसत्या पायथनमध्ये लिहिलेल्या नसतात. वेगासाठी त्यांचं पोट सी, सी++, फोरट्रानचं असतं. जीडॅल हा मुळात सी++ मधला प्रकल्प, फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेला. पिपवर त्याच नावाने मिळतो तो केवळ जोडणीचा भाग. मूळ यंत्र आधीच, आणि जुळणाऱ्या आवृत्तीचं, बसवलेलं असावं लागतं. नसलं की फसलंच. मुंबई आयआयटीतले प्रभू रामचंद्रन यांनी घडवलेली त्रिमितीय चित्रणाची लायब्ररी बघा, तिचं नाव ‘मायावी’. नाव सुंदर आहे, काम त्याहून सुंदर आहे. पण तिला आधी व्हीटीके लागतं, आणि खिडक्या काढणारं क्यूटीसारखं काहीतरी लागतं. वरची मूर्ती दिसते, पाया दिसत नाही.

जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं तेव्हा असंच झालं. जुन्या नमपायच्या साच्यावर ओतलेल्या लायब्ऱ्या नव्याबरोबर चालेनात. इथे मात्र नमपायच्या लोकांना शाबासकी द्यायला हवी. त्यांचा संदेश लांबलचक आहे, पण काय झालं, का झालं आणि दोन मार्ग कोणते, हे तो सांगतो. नमपायचा इम्पोर्टच फसला तर त्यांचा दुसरा संदेश कोणता पायथन, कुठल्या पत्त्यावरचा आणि नमपायची आवृत्ती कोणती, हेही छापतो. म्हणजे अधिकरण सांगतो! मुलं लांब संदेश बघून घाबरतात आणि शेवटची ओळ तेवढी वाचतात. आमचं म्हणणं उलट आहे. लांब संदेश ही कुणीतरी घेतलेली तसदी आहे, ती वाचावी.

आता उपायांच्या साहित्याकडे. कारण रोगापेक्षा औषधांची चिकित्सा जास्त गरजेची झाली आहे. नेटवर मिळणाऱ्या बहुतेक उत्तरांचा साचा एकच : हे करून पाहा, नाही जमलं तर ते करून पाहा, शेवटी सगळं काढून पुन्हा बसवा. यात निदान कुठे आहे? सातवा उपाय लागू पडला तर मुलाला कळत नाही की तो सातव्याने पडला की तिसऱ्या आणि पाचव्याच्या मिश्रणाने. शिवाय आधीच्या सहा उपायांनी घरात जो पसारा केला तो तसाच राहतो, पुढच्या चुकीचं बीज म्हणून.

दोन नमुने सांगतो. पहिला, पायथन अगदी नवं असलं की त्याच्यासाठी लायब्ररीची तयार पेटी, ज्याला व्हील म्हणतात, ती निघालेली नसते. मग पिप कच्चा माल उतरवून घरीच बनवायला बसतो आणि म्हणतो, मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ हवं. उत्तर देणारे सांगतात, तेही उतरवा. म्हणजे काही जीबी डेटा! आमच्याकडे ज्या पोरांचा नेट म्हणजे मोबाईलचा रोजचा दीड-दोन जीबी, त्यांना हा सल्ला. खरा उपाय बहुतेक वेळा एवढाच असतो की पायथनची एक पायरी जुनी आवृत्ती घ्यावी. दुसरा नमुना, डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून यंत्रणेच्या पायथनमध्ये पिपने थेट सामान टाकायला मनाई केली जाते. ही मनाई शहाणपणाची आहे, कारण यंत्रणेची स्वतःची कामं त्याच पायथनवर चालतात. मनाई मोडायचा एक पर्याय आहे, त्याचं नावच ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’. नावातच परिणाम लिहिलाय! तरी तो पर्याय उत्तर म्हणून सर्रास सांगितला जातो.

याउलट एक चांगलं उदाहरण आपल्याकडचंच आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत, आणि फॉसी प्रकल्पाने पायथनचा वैज्ञानिक वापर कॉलेजांपर्यंत नेला. या पाठांची एक रीत आम्हाला फार मोलाची वाटते. सुरुवातीलाच पाठ देणारा सांगतो की हा पाठ कोणत्या यंत्रणेच्या, कोणत्या आवृत्तीवर केला आहे. ऐकणाऱ्याला ते रटाळ वाटतं, तो पुढे सरकवतो. पण तेच तर अधिकरण! पुढचं सगळं त्या अधिकरणावर खरं आहे. आमची टीका असेल तर एवढीच की ध्वनिमुद्रित पाठ गोठतो, लायब्ऱ्या पुढे जातात. जुना पाठ ऐकताना ती सुरुवातीची ओळ अटीसारखी ऐकावी, आणि आपली आवृत्ती वेगळी असेल तर फरक पडणारच हे धरून चालावं.

आता एक आक्षेप, आणि तो वजनदार आहे. कुणी म्हणेल, एवढा त्रास कशाला? गुगल कोलॅब उघडा, सगळ्या नेहमीच्या लायब्ऱ्या आधीच बसवलेल्या. मुलाला सरोवर मोजायचंय, लायब्ऱ्या बसवायच्या नाहीत. किंवा कोंडा वापरा, ते पायथनबाहेरचं सामानही आणून देतं, जीडॅलसकट. हे दोन्ही खरं आहे. पहिल्या दिवशी मुलाला कोलॅबवर बसवणं योग्यच, त्याला आधी सरोवर दिसू द्या. कोंडाने २०१२ पासून या क्षेत्राचे कष्ट खरोखर कमी केले. पण कोलॅबचं घर भाड्याचं आहे. तुम्ही बसवलेलं सामान सत्र संपलं की जातं, घरमालक आवृत्त्या केव्हा बदलेल ते त्याच्या हाती, आणि लाईट गेली, रेंज गेली की काम थांबलं. कोंडा आणि पिप एकाच घरात वाटेल तसे मिसळले तर पुन्हा तोच गोंधळ. सोय घ्यावी, पण सोयीमुळे प्रश्न समजण्याची गरज संपत नाही, ती पुढे ढकलली जाते. आणि विज्ञानात ती फार पुढे ढकलता येत नाही. लोणारचं क्षेत्रफळ आपण एवढं काढलं असं म्हणायचं, तर दुसऱ्याला तेच गणित करून तोच आकडा मिळायला हवा. कोणत्या लायब्ऱ्या, कोणत्या आवृत्त्या, हे सांगता आलं नाही तर तो आकडा ऐकीव ठरतो.

मग करायचं काय? यादी न करता क्रम सांगतो, कारण प्रत्येक पायरी मागच्या उत्तरावर अवलंबून आहे. आधी विचारा, बोलतोय कोण? ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’. मग त्याच पायथनला विचारा, तुझ्या घरात हे आहे का? ‘पायथन डॅश एम पिप शो’ आणि पॅकेजचं दुकानातलं नाव. नसेल तर प्रागभाव, बसवा. बसत नसेल तर या पायथनसाठी, या यंत्रासाठी पेटी निघाली आहे का ते बघा. घरात असूनही मागवता येत नसेल तर एररचा मजकूर वरपासून वाचा. त्यात तुमच्याच फोल्डरातली अनपेक्षित फाईल दिसली तर अन्योन्याभाव, नाव बदला. नाव आवृत्तीतून गेलं असेल तर प्रध्वंस, बदललेली रीत शोधा. डीएलएलचं नाव आलं तर दंड शोधा, पुरुषाला पुन्हा पुन्हा काढून बसवू नका.

आणि मुळात प्रत्येक कामाला वेगळं घर द्या. पायथन ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘व्हेन्व्ह’ ही सोय पायथनबरोबरच मिळते. लोणारच्या कामासाठी ‘पायथन डॅश एम व्हेन्व्ह लोणार’ म्हणा, ते घर चालू करा, आणि त्यात जीडॅलऐवजी ‘रास्टेरिओ’ बसवा. रास्टेरिओची तयार पेटी स्वतःच्या पोटात जीडॅल घेऊन येते, म्हणजे पुरुष दंडासकट येतो. काम झालं की ‘पिप फ्रीझ’ने आवृत्त्यांची यादी काढून प्रोग्रामशेजारी ठेवा. घर बिघडलं तर फोल्डर पुसून त्या यादीवरून नवं बांधा.

आपल्या भागातल्या कॉलेजांसाठी एक गोष्ट मुद्दाम. तीस मशीनच्या लॅबमध्ये तीस वेळा डेटा जाळायची गरज नाही. एका मशीनवर ‘पिप डाउनलोड’ने सगळ्या पेट्या एका फोल्डरात उतरवा, पेनड्राईव्हवर घ्या, आणि बाकी मशीनवर ‘नो-इंडेक्स’ व ‘फाइंड-लिंक्स’ हे पर्याय देऊन त्या फोल्डरातून बसवा. नेट लागत नाही. अट एकच, सगळ्या मशीनवर यंत्रणा आणि पायथनची आवृत्ती सारखी हवी, कारण पेटीच्या नावातच ती कोणासाठी आहे ते लिहिलेलं असतं. एका प्राध्यापकाची एक दुपार, आणि वर्षभराचा प्रश्न मिटतो.

शेवटचा मुद्दा. पायथनचं वाक्य अधिकरण सांगत नाही, आणि मोकळी जागा वाचणारा भरतो, असं आम्ही म्हटलं. बहुतेक मुलं तिथे कॉम्प्युटर भरतात. पण काही मुलं, विशेषतः ज्यांच्या घरात हे शिकणारं ती पहिलीच, ज्यांना इंग्रजी वाक्य बघूनच धाक बसतो, आणि ज्यांच्या शेजारी विचारायला कुणी नाही, ती मुलं तिथे स्वतःला भरतात. ‘नाही’ वाचलं की ‘माझ्यात नाही’ असं ऐकतात. ‘आपल्याला प्रोग्रामिंग जमत नाही’ म्हणतात आणि लॅपटॉप मिटतात. यंत्र म्हणालं होतं, या फोल्डरांत एक फाईल सापडली नाही. त्यावरून एका मुलाने स्वतःच्या बुद्धीबद्दल निष्कर्ष काढला. तर्काच्या परीक्षेत या अनुमानाला आम्ही शून्य गुण दिले असते, पण आयुष्यात त्याची किंमत ते मूल भरतं, आणि लोणारच्या पाण्याचा हिशेब आपल्याऐवजी दुसरं कुणीतरी मांडतं.

म्हणून शिकवणाऱ्यांना विनंती आहे. पहिल्या तासाला गणित नको, आलेख नको. मुद्दाम एक लायब्ररी न बसवता वर्गासमोर मागवा. एरर येऊ द्या. फळ्यावर लिहा आणि पोरांना विचारा, कशाचा अभाव, आणि कुठे? दोन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय कुणी कीबोर्डला हात लावायचा नाही. मग ती लायब्ररी बसवून दाखवा.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. विचारताना कोणता पायथन आणि कोणती यंत्रणा तेवढं सांगा, म्हणजे उत्तर देता येईल. आम्ही इथेच थांबतो.